नीलमोहर आणि जाळीवाली

माळी कार्यशाळेच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा फुलवाला नीलमोहराच्या फुलात केस चिकटवत होता. नीलमोहराच्या प्रत्येक फुलाच्या घशात एक लांब केसाळ दांडी असते. तिच्यात पराग नसतात, पण ती नसली तर फूल खोटं दिसतं. चिमटा, डिंक आणि एकेक केस, असं ते काम. ते चालू असताना फुलवाल्याशी बोलायचं नाही, हे सगळ्या संग्रहालयाला ठाऊक होतं. म्हणून माळी बोलला नाही. टोपी हातात घेऊन नुसता उभा राहिला.

फुलवाल्याने मान वर न करता विचारलं, "काय रे, उघडली का आज हिची छत्री?"

"उघडली," माळी म्हणाला. टोपी त्याने एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "मास्तर, तेवढा चिमटा खाली ठेवा."

फुलवाला आणि छत्रीवाली ही नावं त्या दोघा नवराबायकोला संग्रहालयातल्या लोकांनीच दिली होती. ती इतकी अंगवळणी पडली होती की घरची लेकसुद्धा चेष्टेत त्याच नावांनी हाका मारायची. तो कापड, तार आणि खळ घेऊन झाडांच्या फांद्या करायचा, फुलांनी लगडलेल्या, खऱ्या मापाच्या. ती मेणाची भूछत्रं करायची, म्हणजे लोक ज्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणून लाथाडतात ती. संग्रहालयाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती आणि तीत एकच लांब टेबल. खिडकीकडचं टोक त्याचं, मेण वितळवायच्या शेगडीकडचं तिचं. लग्नाच्या आधीपासून ते टेबल असंच वाटलेलं होतं आणि लग्नानंतरही ती हद्द कोणी मोडली नाही. घरी मीठ कुणी जास्त टाकलं यावरून वाद होत, पण टेबलाच्या हद्दीवरून कधी झाला नाही.

माळ्याच्या मागोमाग फुलवाला बागेच्या टोकाला गेला. तिथे बांबूचं एक दाट बेट होतं. त्याच्या सावलीत लाकडाच्या ढलप्या पसरलेल्या होत्या आणि कडेने जुने ओंडके लावलेले होते. पावसाळी दिवसांत ती रोज पहाटे, तो जागा व्हायच्या आत, तिथे येऊन बसायची. आजही बसली होती. तीन पायांचं तिचं ते बुटकं स्टूल, पाठ बांबूला टेकलेली, गळ्यात भिंग. माळी शपथेवर सांगत होता की त्याला वाटलं ताई बघत बसल्या आहेत. म्हणून तो दोनदा जवळून गेला आणि त्याने आवाज दिला नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय. एका क्षणात झालं असणार, त्रास झाला नसणार. डॉक्टरांना तसं म्हणावंच लागतं, असं फुलवाल्याला वाटलं. कारण त्याने जमिनीकडे बघितलं होतं. ओल्या मातीत स्टुलाच्या पायांचे ठसे दोन ठिकाणी होते. एक जागा ओंडक्याच्या अलीकडे, खोल रुतलेली. तिथून स्टूल ओढत नेल्याची रेघ होती आणि दुसरी जागा पलीकडे, बांबूला लागून. म्हणजे ती आधी एका ठिकाणी बसली होती आणि मग उठून, स्टूल ओढून, टेकायला जागा शोधत तिकडे गेली होती. जीव घाबरला असेल. हाकही मारली असेल. बागेत त्या वेळी असतं कोण?

ते दोन ठसे त्याच्या डोक्यात बसले. बाकी त्या दिवसाचं त्याला फारसं आठवत नसे. तिच्या पायांपुढे पांढरी जाळी जमिनीपर्यंत सोडून ते भूछत्र पुरं उघडून उभं होतं असं माळी म्हणायचा. फुलवाल्याने ते बघितलंच नव्हतं. त्याने फक्त तिच्याकडे बघितलं होतं, आणि त्या ठशांकडे.

*

सगळं उरकल्यावर तो कामावर परत आला. घरी बसलं की घर अंगावर यायचं. लेक दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि रोज संध्याकाळी डबा घेऊन यायची. ती म्हणाली की बाबा, थोडे दिवस थांबा. त्यावर तो म्हणाला की थांबून काय होणार, टेबल तरी ओळखीचं आहे.

टेबलाच्या तिच्या टोकाला सगळं जसंच्या तसं होतं. दवाखान्यात टाकून दिलेली दात कोरायची हत्यारं लेक आईला आणून द्यायची. मेण कोरायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही असं छत्रीवालीचं म्हणणं होतं. ती हत्यारं फडक्यावर ओळीत होती, आणि त्यांच्यामागे अर्धं राहिलेलं ते भूछत्र. खाली फाटलेल्या अंड्याची पांढुरकी पिशवी, तिच्यातून वर आलेला पोकळ, सच्छिद्र, पांढरा दांडा, वर घंटेसारखी टोपी आणि टोपीवर तपकिरी-हिरवट चिकट लेप. तो लेप इतका हुबेहूब होता की झाडायला आलेली बाई त्याला हात लावायला धजत नसे. फक्त एक गोष्ट नव्हती. टोपीखालून सुटून चारी बाजूंनी जमिनीपर्यंत येणारी जाळी. ज्या जाळीवरून छत्रीवाली त्याला जाळीवाली म्हणायची, तीच व्हायची राहिली होती.

हे भूछत्र आणि नीलमोहराची फांदी एकाच काचेच्या पेटीत ठेवायची होती. कल्पना संग्रहालयाच्या मोठ्या बाईंची. डावीकडे झाड, उजवीकडे भूछत्र. बाईंचं म्हणणं असं की दोघांचं काम एकच, आपली पिल्लं जगात पाठवणं. एक वर्षानुवर्षं लाकूड उभं करतं, मग पानं झाडून अंगभर जांभळं होतं, गोड रस ठेवतं आणि मधमाश्यांना बोलावतं. दुसरं जमिनीखाली धाग्यांचं जाळं होऊन पडून असतं, कुणाच्या नजरेत नाही. मग एका सकाळी वर येतं, कुजका वास सोडतं, माश्यांना बोलावतं आणि दुपारपर्यंत आडवं होतं. आपण ज्याला भूछत्र म्हणतो ते त्याचं फळ, झाड तर खालीच असतं. बाईंनी हे सांगितलं तेव्हा दोघं ऐकत होते, आणि पेटीच्या मधोमध कोण उभं राहणार यावरून दोघांची तिथेच जुंपली.

तशी ती जुनीच जुंपलेली होती. छत्रीवाली म्हणायची, "तुमची ती जांभळी बाई साऱ्या रस्त्याला ओरडून सांगते, बघा हो, मी फुलले. माझीला ओरडायची गरज नाही. ज्याला बघायचंय त्याने वाकावं."

"वाकलं तर नाक धरावं लागतं. मेल्या उंदरासारखी घाण."

"माश्यांना विचारा. त्यांना अत्तर वाटतं."

ती त्याला पहाटे बरोबर चल म्हणायची. तो म्हणायचा, फुलं दिवसा उजेडी फुलतात, तुझी राणी नेमकी माझ्या झोपेच्या वेळी दरबार भरवते. मग पुढच्या वर्षी बघू असं ठरायचं, आणि पुढचं वर्ष यायचं.

या टेबलाचा मात्र एक कायदा होता आणि तो दोघांनी मिळून केलेला होता. जे जिवंत बघितलं नाही त्याला हात लावायचा नाही. फोटोवरून नाही, पुस्तकावरून नाही, बाटलीत घालून ठेवलेल्यावरून नाही. एकदा एका परदेशी झाडाची फांदी मागितली गेली, तेव्हा हे झाड बघितलेलं नाही म्हणून फुलवाल्याने ते काम सरळ परत पाठवलं होतं. नीलमोहर तो दर वर्षी बघायचा. संग्रहालयाच्या मागच्या अंगणातच एक मोठा नीलमोहर होता. त्याच्या खोडात फुलवाल्याने पिशवी अडकवायला एक पितळी हूक फिरवून बसवला होता. शिडी लावून चढायचं, पिशवी हुकाला टांगायची आणि फुलोऱ्यात डोकं घालून बसायचं. दोन वर्षांमागे वादळात ते झाड पडलं. त्याला इतकं वाईट वाटलं की तो तुकडे करताना बघायला गेला नाही.

मोठ्या बाई एके दुपारी येऊन तिच्या रिकाम्या स्टुलावर न बसता उभ्यानेच बोलल्या. त्या सांगत होत्या की नव्या दालनाची तारीख त्यांच्या हातात नाही. बाहेर रबराची भूछत्रं करून देणारे लोक आहेत. दिसायला बरी असतात. "ताईंचं काम मी कपाटात अगदी जपून ठेवेन," त्या म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणत होत्या.

कपाट हा शब्द फुलवाल्याला नको होता. तो म्हणाला, जाळी मी करतो.

"तुम्ही बघितली आहे?"

त्याने फडक्यावरची तिची हत्यारं सरळ केली. बाईंनीही पुढे ताणलं नाही. तारखेच्या आधी एकदा येऊन बघेन, एवढं म्हणून त्या गेल्या.

*

तिचा खण त्याने पहिल्यांदाच उघडला. आत जाळ्याच जाळ्या. क्रोशाच्या सुईने दोऱ्याची विणलेली, मेणात बुडवलेली. जखमेवर बांधायच्या पट्टीची. एक तर भाजीच्या पिशवीची, कापून ताणलेली. सगळ्या सुबक, आणि त्यालाही कळत होतं की सगळ्या चुकलेल्या. एकेक टोपीखाली धरून बघितली तर खिडकीला पडदा लावावा तशी लोंबायची. ती त्या पडद्यांना शिव्या देत खणात टाकायची, ते त्याला आठवलं. काय चुकतंय हे तिला कळलं होतं का, हे मात्र ती काही बोलली नव्हती.

तेव्हा बघणं भाग होतं. तो दुपारच्या जेवणाच्या सुटीत बांबूच्या बेटात गेला. ढलप्यांमधून दोन पांढरी अंडी डोकावत होती, कोंबडीच्या अंड्याएवढी, हाताला मऊ. आयुष्यभर फुलांत काढलेल्या माणसाला त्या क्षणी जे सुचावं तेच त्याला सुचलं. नीलमोहराची कळी असलेली डहाळी तो नेहमी तिरकी कापून आणायचा, पाण्याच्या ग्लासात ठेवायचा, ऊन दाखवायचा आणि समोर बसून ती उमलताना बघायचा. त्याने चाकूने एक अंडं खालून कापलं. त्याच्या बुडाशी दोरीसारखी एक पांढरी मुळी होती, ती टचकन तुटली. अंडं घरी आणून काचेच्या ग्लासात पाणी घालून, खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवलं आणि खुर्ची ओढून बसला.

पहिल्या संध्याकाळी लेकीला यायला जमलं नाही; दुसऱ्या संध्याकाळी ती डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. घरभर वास होता. ग्लासात अंडं फुगून, चिरडल्यासारखं होऊन, गढूळ पाण्यात लोळत होतं.

"बाबा, हे काय शिजवलंय?"

त्याने सांगितलं. ती ग्लास नाकापासून लांब धरून बेसिनकडे गेली आणि तिथेच उभी राहून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. ती म्हणाली, "आई असती तर आठवडाभर जेवू दिलं नसतं तुम्हाला. बाबा, ती कळी नाही. तिला पाणी नको, ऊन नको. तिचं सगळं खालून येतं. तुम्ही तिला तिच्या आईपासून कापून आणलंत."

लेकीने ग्लास घासून पालथा घातला, खिडकी उघडली आणि डबा वाढला. जेवताना ती एवढंच म्हणाली की ओल अजून आहे तोवर दुसरं अंडं उघडेल, पण उघडेल तिथेच.

माळ्याचंही तेच म्हणणं पडलं. ते दुसरं अंडं या मोसमातलं शेवटचं दिसतं, असंही तो म्हणाला. त्याने त्याच्याभोवती काटक्या रोवून कुंपण केलं होतं, कारण फुलवाला पुन्हा चाकू घेऊन येईल अशी त्याला धास्ती होती. तसं त्याने तोंडावर सांगितलंही. फुलवाल्याने दोन्ही हात उघडे करून दाखवले. मग गुडघ्यांवर बसून त्याने बोटांनी अंड्याशेजारच्या ढलप्या हळूच बाजूला केल्या. अंड्याच्या बुडातून निघालेली पांढरी दोरी ढलप्यांखालून जात होती. वाटेत तिला फाटे फुटले होते. फाट्यांना आणखी फाटे, आणि शेवटी केसापेक्षा बारीक धागे कडेच्या ओंडक्यात शिरले होते. ओंडका बाहेरून धड दिसत होता. बोट लावलं तर पावासारखा दबला. साल बाजूला सरली, आत सगळं पांढऱ्या धाग्यांनी गच्च विणलेलं होतं, आणि त्या पांढऱ्यात काहीतरी हिरवट पिवळं चमकलं.

त्याने नखाने माती काढली. पितळी हूक होता.

तो हुकाकडे बघत राहिला. माळ्याने सांगितलं, मागच्या अंगणातल्या नीलमोहराचे ओंडके इथेच आणून लावले होते, फांद्यांच्या ढलप्या केल्या त्याही इथेच पसरल्या. ताईंना ठाऊक होतं, तो म्हणाला. ताई म्हणायच्या, मास्तरांना सांगितलं तर त्यांना पटत नाही.

तिने सांगितलं होतं. पार वर्षामागे, भाजी निवडताना. माझी तुमच्या झाडावर जगते, म्हणाली होती, खाऊन माजते आणि वर तुमच्याच झाडाला नावं ठेवते, अगदी माझ्यासारखी. तो हसला होता. बायका बोलतात तसं ती बोलली असं त्याला वाटलं होतं. त्याने आता हुकावर बोट ठेवलं. ज्या लाकडातून एके काळी जांभळी फुलं वर गेली, त्याच लाकडातून आता हे पांढरं वर येऊ बघत होतं. मधे काहीच थांबलेलं नव्हतं. त्याने ढलप्या होत्या तशा परत पसरल्या.

*

त्यानंतर तो रोज पहाटे जाऊ लागला. आयुष्यात कधी गजराच्या आधी न उठलेला माणूस, पण आता झोप तशीही लागत नव्हती. तिचं स्टूल न्यायचं, ओंडक्याच्या अलीकडे मांडायचं आणि बसायचं. अंडं तसंच बसलेलं असायचं. उजेड पसरला की तो उठून कार्यशाळेत जायचा. माळी लांबून बघायचा आणि विचारायचा नाही.

आणि एका सकाळी, अजून धूसर होतं तेव्हा, अंड्याचा माथा चिरला.

आवाज झाला नाही. चिरेतून टोपीचं तपकिरी टोक दिसलं, मग अंड्याची पिशवी दोन्हीकडे सरकली, मग दांडा वर यायला लागला. फुलवाल्याने आयुष्यभर कळ्या उमलताना बघितल्या होत्या, पण त्या उमलताना कधी दिसल्या नव्हत्या. फूल मिटलेलं असतं आणि मग उघडलेलं असतं. हे दिसत होतं. टक लावून बघितलं तर हलत नव्हतं, आणि पापणी मिटून उघडली तर वर आलेलं होतं. दांडा बोटाएवढा झाला, वितीएवढा झाला. फुलवाला श्वास जपून घेत होता, जणू फुंकर लागली तर ते परत आत जाईल. वास आला. खरंच घाण होता. पहिली माशी आली आणि टोपीवर बसली. त्याच्या मनात आलं, हिला बरं कळलं, आणि मला इतकी वर्षं कळलं नाही.

थोडा वेळ ते तसंच उभं राहिलं. दांडा, टोपी, बस. टेबलावर छत्रीवालीने केलंय तसंच अगदी. त्याला वाटलं, झालं, जाळी यायचीच नाही बहुतेक.

मग टोपीच्या कडेखाली एक पांढरी, चुरगळलेली पट्टी दिसली. मुठीत धरलेल्या रुमालाची कड दिसते तशी. ती खाली सरकली. सरकता सरकता तिच्या सुरकुत्या सुटत गेल्या आणि प्रत्येक सुरकुती सुटली की तिथे एक भोक उघडायचं, गोलसर, पण कोपरे असलेलं, कडा फुगीर. मग त्याखालचं, मग त्याखालचं. जाळी विणली जात नव्हती. ती विणून झालेलीच होती. अंड्यात, काळोखात, कुणी बघत नसताना, हूक बसलेल्या त्या लाकडाच्या जिवावर, शेवटच्या भोकापर्यंत पुरी होऊन, घडी घालून ठेवलेली होती. आता ती फक्त सुटत होती.

नीलमोहराची कळीही चिरून बघितली की अशीच असते. आत पाकळ्या घडी घातलेल्या, केसाळ दांडीसुद्धा केसांसकट. हे तो कुणालाही झोपेत सांगू शकला असता. रस्ताभर ओरडणारी ती आणि बांबूखाली लपणारी ही, दोघींनी सगळं काम अंधारात आधीच करून ठेवलेलं असतं. आपण बघतो ते घडी मोडणं. त्याच्या अंगावर काटा आला. ते तिला सांगायला त्याने मान वळवली. शेजारी कुणी नव्हतं.

जाळी सगळीकडून सारखी उतरली नाही. पलीकडच्या बाजूने ती आधी सुटली, आणि पलीकडची बाजू दांड्याआड होती. ऊन बांबूमधून तिरपं आलं आणि त्या पलीकडच्या जाळीतून आरपार गेलं. ती एकदम आतून पेटल्यासारखी झाली. फुलवाल्याने मान वाकडी केली, पुरेना. पुढे वाकला, पुरेना. जाळीची कड जमिनीला टेकली तेव्हा तो हातभर अंतरावरून, तोंड उघडं ठेवून, तिच्या ऐन समोर बसलेला होता. दोन माश्या जाळीवरून टोपीकडे चढत होत्या. त्याला वाटलं, आता पुढे काही नाही बघितलं तरी चालेल.

किती वेळ तसा होता, कुणास ठाऊक. पाठीला काहीतरी टोचत होतं म्हणून तो भानावर आला. बांबू होता. त्याची पाठ बांबूला टेकलेली होती.

त्याने खाली बघितलं. स्टूल बांबूला लागून होतं. ओंडक्याच्या अलीकडे तीन खोल ठसे होते, तिथून मातीत ओढल्याची रेघ, आणि इकडे तीन ठसे. त्याने स्टूल कधी ओढलं हे त्याला आठवत नव्हतं. जीव घाबरला म्हणून नाही. टेकायला जागा हवी म्हणून नाही. पलीकडची जाळी दिसावी म्हणून.

तो तिथे बसून मोठ्याने रडला. माळी धावत आला, आणि मास्तर धड आहेत हे बघून आल्या पावली परत गेला. पहिल्यांदाच फुलवाल्याला त्या ठशांकडे बघता येत होतं. तिने बघितली होती. पलीकडे जाऊन, टेकून, जाळी जमिनीला लागेपर्यंत. मग हाक ती कशाला मारेल?

*

मोठ्या बाई ठरल्याप्रमाणे आल्या. फुलवाल्याने टेबलाच्या तिच्या टोकाला बसून त्यांना सगळं सांगितलं. माणूस बोलायला तसा कंजूष, पण त्या दिवशी त्याला थांबवणं अवघड गेलं असतं. खणातल्या जाळ्या का चुकल्या तेही सांगितलं. ती आणि मी, दोघांनीही जाळी उघडी करून मग टांगायचं बघितलं. जाळी तशी होतच नाही. ती बंद करावी लागेल, घडीतच, सगळी भोकं आतल्या आत, आणि मग टोपीखालून सोडावी लागेल. एरवी हिला ती उघडलेलीच सापडायची; शेवटच्या सकाळी सुटताना दिसली असणार. परत येऊन ती तसंच करायला बसली असती.

"आणि तुम्हाला जमेल तसं?" बाईंनी विचारलं.

"आज नाही. तारखेपर्यंतही नाही. मेण घडीत चिकटतं."

बाई टेबलावरच्या मेणाच्या भूछत्राकडे बघत होत्या. त्यांनी ते बोट न लावता चारी बाजूंनी बघितलं. मग विचारलं, "मास्तर, जाळी सुटायच्या आधी ही अशीच असते का? अगदी अशी?"

"असते. थोडाच वेळ. मला तर वाटलं होतं जाळी येतच नाही."

"म्हणजे आत्ता आहे तशी पेटीत ठेवली, तर खोटं होणार नाही."

फुलवाल्याने विचार करायला वेळ घेतला, कारण कायदा दोघांचा होता आणि उत्तर दोघांच्या वतीने द्यायचं होतं. "नाही होणार," तो म्हणाला. "मी बघितलंय."

तेव्हा पेटी ठरल्या दिवशी दालनात लागली. मधोमध कुणी नाही; दोघं कडेकडेने. डावीकडे नीलमोहर, उजवीकडे जाळीवाली, तळाशी बाईंच्या परवानगीने त्या ओंडक्याचा हूक बसलेला तुकडा. नीलमोहराकडे लोक लांबूनच बघतात आणि वा म्हणतात. दुसऱ्या बाजूला मात्र वाकावं लागतं. फुलवाला कधीमधी दारापाशी उभा राहून कोण कोण वाकतं ते बघतो. लेक पहिल्यांदा आली तेव्हा काचेला नाक लावून बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, आईला सांगायला हवं होतं की तुम्ही उठलात पहाटे.

टेबलाच्या शेगडीकडच्या टोकालाही आता तो बसतो. मेणात थोडं तेल, मग जास्त तेल, बारीक रेशमी धागा, मग त्याहून बारीक. घडी आतापर्यंत दर वेळी उघडताना फाटली आहे.

माळी दारात आला त्या दिवशीचं फूल पेटीत मागच्या बाजूला आहे, कुणाला दिसत नाही. त्याच्या दांडीवर केस अर्धेच आहेत. ते लावायचे राहिले आहेत, आणि जाळी करायची राहिली आहे.